पाटीतला पांढरा गोटा

“पण मुळात ते आलं कुठून, फादर?”

हा प्रश्न नेमका ह्याच शब्दांत विचारला गेला होता का, ह्याची खात्री आता विचारणाऱ्यालाही देता येत नाही. विचारणारे फादर लुकस भिंगारदिवे आज ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. चर्चचा इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. माणसं आपल्या आठवणी नकळत कशा शिवून-टाचून नीटनेटक्या करतात, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ पाहिलं आहे. तेव्हा स्वतःवर ते कसे विश्वास ठेवणार? कोंबडी कबरी होती की तांबडी, ह्यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नाही. ऊन होतं, एवढं नक्की.

उत्तर मात्र त्यांना स्वच्छ आठवतं.

“कोंबडीतून,” फादर इनास म्हणाले होते.

फादर इनास तुस्कानो मूळचे वसईचे. तरुणपणी नगर जिल्ह्यात आले आणि प्रवरेकाठच्या टाकळवाडीत असे रुजले, की बोलण्यात वसईचा मागमूसही उरला नाही. चर्चच्या मागे त्यांनी विहीर खणून घेतली, पेरूची झाडं लावली आणि कोंबड्या पाळल्या. लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. सल्ला देताना फादर खुराडं झाडत असत.

त्या दिवशी पवित्र शनिवार होता. दुसऱ्या दिवशी ईस्टर. स्वयंपाकघराबाहेर तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि फादरांचा स्वयंपाक बघणारी मार्थाबाई त्यात मुठीमुठीनं कांद्याची सालपटं टाकत होती. पाण्याला तांबूस रंग चढू लागला होता. शेजारी अंड्यांनी भरलेली टोपली.

लुकस सकाळच्या एसटीनं पुण्याच्या सेमिनरीतून आला होता. धर्मगुरू होण्याचं त्याचं शिक्षण संपलं होतं. महिन्याभरात गुरुदीक्षा व्हायची होती. बिशपांनी तारीख दिली होती, गावानं वाजंत्री ठरवली होती.

आणि दीक्षा घ्यायची नाही, हे सांगायला तो आला होता.

बिशपांच्या आधी फादर इनासना सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. ह्या वाटेला त्यांनीच त्याला लावलं होतं.

“कोंबडीतून येतं ते मलाही कळतं,” लुकस म्हणाला. “मी ईस्टरच्या अंड्याबद्दल विचारतोय.”

“ते पण कोंबडीतूनच येतं.”

मार्थाबाई फिसकन हसली. लुकसचे कान तापले. वर्गात पहिला नंबर न सोडणारा विद्यार्थी होता तो. आपल्या प्रश्नाला कुणी हसेल, ह्याची त्याला सवय नव्हती.

“मी थट्टा करत नाहीये, फादर.”

“मी तरी कुठं करतोय? राखेच्या बुधवारी माणसांनी ईस्टरपर्यंतचा उपवास धरला. मांस नाही, दूध नाही, अंडंही नाही. कोंबड्यांना कुणी सांगितलं?”

लुकसनं टोपलीकडे बघितलं.

“त्या घालत राहिल्या,” फादर म्हणाले.

नियम फार जुना. बाकी चर्चनं तो केव्हाच सैल केला होता. टाकळवाडीत टिकला, कारण फादर पाळत, आणि फादर पाळतात म्हणून गाव पाळत असे. उपवासाच्या सुरुवातीची अंडी खुडूक कोंबड्यांखाली जात, कारण त्या उन्हात अंडं फार दिवस राहत नाही. शेवटच्या दिवसांतली अंडी बाजरीत पुरून ठेवत आणि शनिवारी ती ह्या पातेल्यात येत.

“आधीची अंडी ईस्टरला पायांनी चालत येत्यात,” मार्थाबाई म्हणाली, “आन् मागची टोपलीतून.”

“युरोपातही जुन्या काळी हेच झालं, हे मी वाचलंय,” लुकस म्हणाला. आता त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. “उपवासात साठलेली अंडी ईस्टरला वाटायचे. हा झाला पहिला अर्थ. दुसरा अर्थ असा, की कवच म्हणजे बंद थडगं, आणि आतून बाहेर येणारा जीव म्हणजे उठलेला प्रभू. तिसरा, तांबडा रंग म्हणजे त्याचं रक्त. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांमध्ये ही रंगवायची चाल फार जुनी आहे, अगदी...”

“बिरादर, ती सालपटं जरा सरकवा की इकडं.”

ब्रदर लुकसनं सालपटांची रास सरकवली.

“चौथा?” फादरांनी विचारलं.

“चौथ्यासाठीच आलोय मी.”

तो चुलीपलीकडच्या ओट्यावर बसला. बोलायचं म्हणून एसटीत सबंध वाटभर घोकलेलं वाक्य नेमकं आत्ता आठवेना.

“हे सगळे अर्थ आपण मागाहून चिकटवले, फादर. अंडं आपलं नव्हतंच. उत्तरेकडच्या लोकांची एक देवी होती, वसंत ऋतूची. अंडं तिचं. सण तिचा. ईस्टर हे नावसुद्धा तिचंच. आपण वरून फक्त क्रूस रेखाटला.”

“देवी,” फादर म्हणाले.

“हो.”

“म्हंजे बाई व्हती तर,” मार्थाबाई पातेल्यात पळी फिरवत म्हणाली. “मला वाटलंच. पुरुषाला कोंबड्या संभाळता येत्यात व्हय? फादरांकडं काय बघताय? त्यांच्या कोंबड्या बी सांजच्याला मीच कोंडते.”

फादरांनी मान हलवून ते कबूल केलं. मग लुकसकडे वळून विचारलं,

“कुठं वाचलंस?”

“सेमिनरीत. एक जाड इंग्रजी पुस्तक आहे, त्यात.”

“त्या पुस्तकवाल्यानं कुठं वाचलं?”

“इंग्लंडात एक मठवासी होऊन गेला, हजारबाराशे वर्षांपूर्वी. त्यानं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय.”

“अंड्याबद्दल?”

“...असावं. देवीबद्दल तर नक्कीच.”

“तू वाचलंस ते?”

“ते आपल्याकडे मिळत नाही, फादर. पण सगळेच तसं म्हणतात.”

“हं.”

फादरांच्या ‘हं’मध्ये होकार नसे आणि नकारही नसे. त्यामुळे समोरच्याला पुढे बोलणं भाग पडे.

“तुम्हाला आठवत नसेल,” लुकस म्हणाला, “मी लहान होतो. चर्चच्या बाहेर निंबाखाली उभा होतो, ईस्टरच्या दिवशी. आम्ही तेव्हा ख्रिस्ती असून नसल्यासारखेच. नेसायला धड लुगडं नाही म्हणून आई मिस्सेच्या उपासनेला यायची नाही. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या हातावर एक तांबडं अंडं ठेवलंत.”

“मी काही बोललो?”

“म्हणालात, पुढच्या रविवारी पण ये.”

“मग?”

“पुढच्या रविवारी अंडं नव्हतं. तरी मी आलो. त्याच्या पुढच्याही आलो. मग आईला घेऊन आलो. मग शाळेत गेलो, मग सेमिनरीत गेलो...” लुकस थांबला. “त्या एका अंड्यामागं मी इथवर आलोय, फादर. आणि आता कळतंय, की ते आपलं नव्हतंच. मुळाशीच खोटं असेल, तर महिन्याभरानं दीक्षेच्या वेळी वेदीसमोर पालथा पडून मी कसलं वचन देऊ?”

त्याचा आवाज शेवटी चिरकला. त्याला त्याची लाज वाटली.

पातेल्यातलं पाणी खदखदू लागलं होतं.

लुकस वाट बघत होता. फादर रागावतील, समजावतील, निदान उठून खांद्यावर हात ठेवतील, असं त्याला वाटलं. त्यांनी रागवावं अशीच बहुधा त्याची इच्छा होती. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

फादर उठले. सपाता घातल्या.

“चल,” ते म्हणाले. “दुपारची अंडी काढायची राहिलीत.”

खुराडं मातीचं, वर पत्रा. आत वाकूनच जावं लागे. कोपऱ्यात कळकाची एक जुनी पाटी होती आणि तिच्यात उसाचं पाचट अंथरलं होतं. फादर बाहेरच थांबले.

“बघ, पाटीत काय आहे.”

लुकसनं अंधारात हात घातला. दोन अंडी लागली. एक हलकं, कोमट. दुसरं गार, आणि हाताला चांगलंच जड. त्यानं ते उजेडात आणलं.

नदीतला गोटा होता. पांढरा, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचा. कोंबड्या बसून बसून त्याला तुकतुकी आली होती.

“फादर, हा गोटा आहे!”

“हो.”

“कुणी ठेवला?”

“मी.”

“कशाला?”

“काढून बघ.”

लुकसनं गोटाही काढला आणि अंडंही. पाटी रिकामी झाली. दोघं पेरूच्या सावलीत येऊन बसले. गुरुदीक्षेचं बोलायला आलेल्या माणसाला ह्यांनी कोंबड्यांच्या दाराशी आणून बसवलं, असं लुकसच्या मनात आलं. तो बोलला नाही, एवढंच.

थोड्या वेळानं एक कोंबडी आली. (कबरीच असावी. तिच्या मानेवरचे पांढरे ठिपके फादर लुकसना अजून दिसतात. पण ठिपके मागाहूनही पडलेले असू शकतात.)

ती खुराड्यात शिरली. पाटीच्या काठावर चढली. मान तिरकी करून एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या डोळ्यानं. आत उतरली, पाचट उकरलं, बाहेर आली. पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. मग कुरकुर करत, मान पुढे काढून, अंगण ओलांडून ती थेट उसाकडे निघाली.

“अगं अगं अगं!” चुलीपाशी मार्थाबाई पळी घेऊनच उठली. “कुठं चालली ही? गोटा कुणी काढला गं बाई! पाटीत अंडं दिसल्याबिगर ही बसती व्हय? आता ही जाऊन उसात घालती, आन् मुंगसाचा ईस्टर होतो!”

“ब्रदरनं काढला,” फादर शांतपणे म्हणाले.

“तुमीच म्हणालात...” लुकस गडबडीत गावच्या बोलीवर आला.

“बिरादर! तुमच्या वचनाचं तुमी बघा, आधी त्यो गोटा जाग्यावर ठिवा!”

लुकसनं गोटा पाटीत ठेवला आणि कोंबडीमागे धावला. उसाच्या कडेला तिनं त्याला बराच नाचवला. सेमिनरीच्या झग्याचा घोळ पाचटात अडकला, टरकला. शेवटी एका हातानं झगा सावरत आणि दुसऱ्या हातानं कोंबडी हाकत तो परत आला, तेव्हा मार्थाबाई पदरानं डोळे पुसत होती. धुरानं की हसून, ते कळलं नाही.

कोंबडी खुराड्यात गेली. पाटीवर चढली. गोट्याकडे बघितलं.

आणि त्याच्या शेजारी बसली.

विहिरीवर रहाट करकरला, थांबला. लुकसला धाप लागली होती, ती हळूहळू बसली. आपण इथे कशासाठी आलो हे मधेच काही क्षण तो विसरून गेला होता, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

मग कोंबडी ओरडली. सगळ्या आळीला कळवायचं असल्यासारखी ओरडली.

फादर वाकून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी बंद होत्या. त्यांनी लुकसच्या उजव्या तळहातावर अंडं ठेवलं. ओलसर, गरम. डाव्या तळहातावर गोटा ठेवला.

“आता सांग,” ते म्हणाले. “हे कुठून आलं?”

लुकस एका हाताकडे बघत राहिला, मग दुसऱ्या.

“हा खोटा आहे,” तो डाव्या हाताकडे बघून म्हणाला.

“हो.”

“तुम्ही तिला फसवता, फादर.”

“हो.”

“आणि हे...”

“ते तुझ्या हातात आहे. तूच सांग.”

उजवा तळहात ओला झाला होता. ऊब पार मनगटापर्यंत येत होती.

“उद्या तिला हे कळलं तर?” लुकसनं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज पुन्हा तसाच झाला, मघाचा, चिरकलेला.

फादरांनी कोंबडीकडे बोट दाखवलं. ती विहिरीच्या ओलीत किडे टिपत होती.

“ती तिथं आहे. विचार तिला.”

...

मार्थाबाईनं येऊन लुकसच्या हातातलं अंडं काढून घेतलं. “ताजं हाय, नीट सोलणार न्हाई,” असं पुटपुटत तिनं ते पातेल्यात सोडलं. गोटा द्यायला लुकस पुढे झाला, तेव्हा फादरांनी त्याची मूठ मिटवली.

“तो ने तू.”

“आणि कोंबडी?”

“नदीत गोटे काय थोडे आहेत?”

दीक्षेबद्दल त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही. फादरांनी विचारलं नाही, आणि लुकसनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर लुकस टोपली घेऊन चर्चच्या दाराशी उभा राहिला. माणसं एकेक करून येत होती आणि तो प्रत्येकाच्या हातावर तांबडं अंडं ठेवत होता. काहीतरी चांगलं, अर्थपूर्ण बोलावं, असं त्याच्या मनात होतं. चारही अर्थ तोंडपाठ होते. बाहेर निंबाखाली काही माणसं संकोचून उभी होती. टोपली घेऊन तो तिथवर गेला.

“पुढच्या रविवारी पण या,” तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही.

महिन्याभरानं तो वेदीसमोर पालथा पडला. गावानं वाजंत्री लावली होतीच.

शंका गेली, असं मात्र नाही. त्या देवीनं त्याचा पिच्छा सोडला नाही. मठवासीनं नेमकं काय लिहिलं, हे वाचायचं म्हणून त्यानं लॅटिन पक्कं केलं. लॅटिन पक्कं झालं म्हणून वरिष्ठांनी त्याला इतिहासाकडे वळवलं, आणि इतिहास आला म्हणून पुढच्या अभ्यासाला रोमला पाठवलं. गोटा बरोबर होता. उघड्या पुस्तकाची पानं उडू नयेत म्हणून तो चांगला उपयोगी पडे.

रोममधल्या एका ग्रंथालयात एका दुपारी ते पुस्तक समोर आलं. फादर लुकसनी ते पान वाचलं. मग आधीचं पान, मग नंतरचं. आपलंच लॅटिन चुकत असेल, अशी त्यांना धास्ती वाटली, म्हणून दुसरी प्रत मागवून तेच पान पुन्हा वाचलं. पुढे मायदेशी परतेपर्यंत आणखी दोनदा जाऊन खात्री करून घेतली. बाकी आठवणींचं काही सांगता येत नाही, पण ह्या एका गोष्टीत चूक नाही.

परतल्यावर ते आधी नगरला गेले. फादर इनास तिथे म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात असत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आवाजावरून त्यांनी लुकसला ओळखलं आणि शेजारची खुर्ची थोपटली.

“फादर, त्या मठवासीचं पुस्तक मी पाहिलं.”

“कुठल्या?”

“देवीचं लिहिणारा. तिचं नाव तो एकदाच घेतो. त्याच्या पूर्वजांच्या एका महिन्याला तिच्यावरून नाव पडलं, त्या महिन्यात तिचे सण व्हायचे, इतकंच लिहितो आणि पुढं जातो.” फादर लुकस थांबले. “त्यात अंडं नाही, फादर. कुठंच नाही. मागाहून कुणीतरी ते तिच्या शेजारी ठेवलं, आणि मी ते खरं धरून पार रोमपर्यंत चाललो.”

फादर इनासनी डोळे मिटले. झोप लागली की काय, असं वाटलं.

“गोटा आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. माझ्या टेबलावर.”

“काढू नकोस,” फादर म्हणाले.